साक्षीदाराचं समन्स आल्यापासून पिंजऱ्यातून उतरेपर्यंत

ज्यांच्या घरी सरकार पक्षाचा साक्षीदार म्हणून समन्स येऊन पडलंय आणि तेव्हापासून ज्यांची झोप उडाली आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझी साक्ष मार्च २०२५ मध्ये ठाण्यात झाली. खटला अजून चालू आहे, त्यामुळे कोणतं कोर्ट, कोणतं पोलीस ठाणं, आरोपी कोण, यातलं काही लिहिणार नाही. कृपया विचारूही नका.

आधी माझ्याबद्दल एवढंच की मी जन्माची घाबरट. सोसायटीच्या वार्षिक सभेत टँकरच्या पाण्यावर दोन वाक्यं बोलायची म्हटलं तरी माझा आवाज चिरका होतो आणि तिसऱ्या वाक्याला मी खाली बसते. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिथे काचेची भांडी बोलायला लावत नाहीत, हे त्या नोकरीचं मोठं सुख.

घटना जानेवारी २०२० ची. घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर सकाळी दूध आणायला निघाले होते. समोरून पायी चाललेल्या एका आजोबांना मागून आलेल्या टेम्पोने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, पण जीव वाचला. मी आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांनी मिळून त्यांना रिक्षात घातलं. संध्याकाळी पोलिसांनी माझा जबाब घेतला. त्यावर सही घेतली नाही म्हणून मला तेव्हा संशय आला होता. पण ते नियमानेच आहे: पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत.

मध्येच एक सांगते, कारण मला हा प्रश्न सगळ्यांनी विचारला. अपघातात मदत करणाऱ्या माणसाला साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४अ आलं आहे. तेव्हा कोर्टाच्या भीतीने कुणाला रस्त्यावर तसंच टाकून जाऊ नका. मी जबाब स्वतःहून दिला होता. मग लॉकडाऊन आला आणि मी ते सगळं विसरूनही गेले.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका शनिवारी हवालदार समन्स घेऊन आले. कागद दोन प्रतींत असतो, एक आपल्याला मिळतो आणि दुसऱ्याच्या मागे सही करून द्यायची. त्यावर केस नंबर, कलमं (माझ्या केसमध्ये भारतीय दंड संहितेची २७९ आणि ३३८, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं आणि त्यातून गंभीर दुखापत; जुनी संहिता, कारण घटना जुनी, नवे कायदे १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना), तारीख आणि सकाळी अकराची वेळ. हवालदार बिचारे समजुतीने म्हणाले, "मॅडम, पंधरा मिनिटांचं काम आहे. जे पाहिलं ते सांगायचं." तारीख साडेतीन आठवड्यांवर होती. ते साडेतीन आठवडे मी त्या पंधरा मिनिटांतच राहत होते.

रात्री अडीचला जाग यायची आणि डोक्यात वकील प्रश्न विचारायला सुरुवात करायचा. टेम्पोचा रंग कोणता होता? निळा. नक्की निळा? मग तो हिरवा दिसायला लागायचा. नवरा म्हणायचा, "अगं, तू आरोपी नाहीस." हे वाक्य तर्काला पटतं, पोटाला पटत नाही. शेजारच्या काकूंनी "कशाला पडलीस या भानगडीत" म्हणून वर तेल ओतलं. समन्स मिळूनही न जाणं हा मार्ग नाही, हे मात्र वकील मैत्रिणीने पहिल्याच फोनवर सांगितलं. साक्षीदार कारण न देता गैरहजर राहिला तर कोर्ट वॉरंट काढू शकतं. आजारपण वगैरे असेल तर आधी सरकारी वकिलांना किंवा पोलीस ठाण्याला कळवायचं, कागदासकट.

तिनेच दोन कामं सांगितली. पहिलं, ई-कोर्ट्सचं अ‍ॅप मोबाईलवर घ्यायचं. केस नंबर किंवा सोळा अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते दिसतं. आदल्या रात्री ते बघून झोपायचं. दुसरं काम ऐकून मी उडालेच. "एक दिवस अर्धी रजा टाक आणि नुसती जाऊन बस," ती म्हणाली. "कोर्ट उघडं असतं. मागच्या बाकावर बस, मोबाईल बंद ठेव, कुणी हाकलत नाही."

तारखेच्या आठवडाभर आधी मी गेले. जांभळी नाक्याच्या गर्दीतून वाट काढत पोचेपर्यंतच हात गार झाले होते. दारात गार्डने पर्स पाहिली, बस. कोर्टाच्या दाराबाहेर त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी लावलेली असते, तिला सगळे बोर्ड म्हणतात. आपली केस बोर्डावर कितवी आहे ते बघितलं की साधारण अंदाज येतो. माझ्या डोक्यात सिनेमातलं कोर्ट होतं. प्रत्यक्षात मोठ्या वर्गाएवढी खोली, एका कोपऱ्यात कपाटावर कपाट रचल्यासारखे फायलींचे ढीग, दोन पंखे, त्यातला एक आवाज करणारा. न्यायाधीश मॅडम हळू आवाजात बोलत होत्या. कुणीही ओरडत नव्हतं.

एक पंच, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्याला हजर असलेले साक्षीदार, साक्ष देत होते, साठीचे गृहस्थ, रंगाचं दुकान होतं त्यांचं. तिथे मी जे पाहिलं ते कुणीच मला सांगितलं नव्हतं. साक्षीदार बोलतो ते जसंच्या तसं उतरत नाही. तो एक वाक्य बोलतो, न्यायाधीश ते नीट करून टंकलेखकाला सांगतात, "मी सदर ठिकाणी पोलिसांसोबत गेलो होतो", आणि टंकलेखक कॉम्प्युटरवर टाईप करतो. तोवर सगळे थांबतात. वकीलही थांबतो. म्हणजे एका उत्तरानंतर दहा-पंधरा सेकंद कायदेशीर शांतता. माझ्या मनातला वकील धडाधडा विचारायचा, इथला वकील टंकलेखकाच्या बोटांकडे बघत उभा होता.

आणि शेवटी बचाव पक्षाच्या वकिलांनी अगदी सौम्य आवाजात त्या गृहस्थांना सांगितलं की तुम्ही पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देताय. मला वाटलं आता भडका उडणार. गृहस्थ म्हणाले, "नाही साहेब, खोटं आहे." न्यायाधीशांनी सांगितलं, "हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे." टाईप झालं. वकिलांनी "दॅट्स ऑल" म्हटलं आणि खाली बसले. बाहेर आल्यावर मैत्रिणीला फोन केला तर ती हसायला लागली. ते विचारावंच लागतं, म्हणाली. आपल्या अशिलाची बाजू साक्षीदारासमोर मांडून ठेवायची असते, त्यात वैयक्तिक काही नाही.

त्या रात्री मी सलग झोपले. भीती गेली असं नाही, पण तिला खोली मिळाली, दोन पंख्यांची.

आता भाचीबद्दल. ती मानसशास्त्रात एम.ए. करते आणि प्रयोगासाठी मावशी आयती मिळाली म्हणून खूश होती. तिच्याकडून कळलं की तोंडाला कोरड पडणं, तळहात गार होणं, पोटात खड्डा पडणं हा दोष नाही. संकट दिसलं की शरीर पचनाची कामं बाजूला ठेवतं, लाळही त्यातच आटते, आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे जातं. 'लढा किंवा पळा' हे वर्णन वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने शंभरएक वर्षांपूर्वी केलं. आपल्याकडे जुन्या न्यायपद्धतीत तंडुल दिव्य होतं. चोरीचा संशय असलेल्याला तांदूळ चावून थुंकायला लावायचे आणि त्यावरून दोषी की निर्दोष ते ठरवायचे. कोरडा तांदूळ कोरड्या तोंडाने चावताना हिरडी सोलवटली की संपलं. किती निर्दोष माणसं नुसत्या घाबरण्यामुळे चोर ठरली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

भाचीने आणलेल्या उपायांपैकी सगळे मला लागू पडले नाहीत. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाणं किंवा भाषण करण्याआधी "मी उत्साहात आहे" असं स्वतःला मोठ्याने सांगणाऱ्यांची कामगिरी "मी घाबरलोय" किंवा "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा सरस झाली होती. कारण घाबरणं आणि उत्साह या दोन्हीत छाती सारखीच धडधडते, तेव्हा शांत होण्यापेक्षा नाव बदलणं सोपं. कल्पना चांगली आहे. पण मी आरशासमोर "मी साक्ष द्यायला उत्साहात आहे" म्हटलं आणि मलाच हसू फुटलं. गाण्याच्या स्पर्धेला ठीक, उलटतपासणीला कोण उत्साहात असतं? मी त्याऐवजी "अंग तयारी करतंय" असं म्हणायचे. तेवढं खोटं वाटत नव्हतं.

लिहून काढणं मात्र कामी आलं. रामिरेझ आणि बायलॉक या दोघांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं मनातल्या काळज्या कागदावर उतरवल्या तर घाबरट विद्यार्थ्यांना गुण चांगले पडतात. मी जुन्या डायरीत लिहिलं: आवाज चिरकेल, रडू येईल, आजोबांचा मुलगा माझ्याकडे रागाने बघेल, रंग विसरेन. लिहिल्यावर दिसलं की चारांपैकी तीन गोष्टी झाल्या तरी कोर्टाचं काही बिघडत नाही. इथे एक सावधगिरी: काळज्या लिहा, साक्ष लिहू नका. पिंजऱ्यात उभं राहून कागद बघून आठवण ताजी केली, तर तो कागद बघण्याचा हक्क समोरच्या वकिलाला असतो. घरी पाठ केलेली साक्ष तशीही पाठ केल्यासारखीच ऐकू येते.

तिसरा उपाय श्वासाचा, आणि तो फुकट आहे. आत घेताना चार आकडे, सोडताना सात-आठ. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. मी हे रोज बसमध्ये करायचे. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रोडवर बस इतकी उभी असते की सरावाला वेळ भरपूर. हे त्या दिवशी पहिल्यांदा करून उपयोग नाही, आधी सवय हवी.

डिसेंबरमधली पहिली तारीख. साडेदहाला पोचले. साक्षीदाराने दुसऱ्या साक्षीदाराची साक्ष ऐकायची नसते, म्हणून आपल्या केसचं काम सुरू असताना आपण बाहेर थांबायचं. मी पॅसेजमधल्या बाकावर बसले. बारा वाजले, एक वाजला. दोनच्या सुमारास जेवणाची सुट्टी. तीन वाजता पुकारा झाला, माझं हृदय तोंडात आलं, आत गेले, तर आरोपीच्या वकिलांनी मुदतीचा अर्ज दिलेला. पुढची तारीख. त्या तारखेला हजर राहण्याची समज मला तिथेच देण्यात आली, म्हणजे दुसऱ्या समन्सची वाट बघायची नाही. घरी आले आणि न जेवता झोपले. दिवसभर युद्धाच्या तयारीत उभं राहिलेलं शरीर असं कोसळतं, त्याला अशक्तपणा समजू नका. पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर. हे अ‍ॅपवर आदल्या दिवशी कळत नाही, जाऊनच कळतं. तिसऱ्यांदा हेलपाटा होतो की काय या विचाराने चीड यायला लागली, आणि गंमत म्हणजे चिडीमुळे भीती बरीच कमी झाली.

मार्चचा दिवस. काय बरोबर नेलं ते सांगते: समन्सची प्रत, आधार कार्ड, पाण्याची बाटली, दोन केळी, साधा सुती पंजाबी ड्रेस अंगावर. चहा एकच. मामलेदार कचेरीची मिसळ जवळ आहे म्हणून मोह होतो, पण साक्षीच्या आधी ती खाऊ नये. तिखटाचा घाम आणि भीतीचा घाम एकत्र आला तर कोणता कुठला ते आपल्यालाही कळत नाही. बाथरूम कुठे आहे ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा. जातायेता रिक्षाने गेले तर दीडशेच्या आसपास एका वेळचे पडायचे, बसने त्याच्या एका तुकड्यात. मी जाताना रिक्षा, येताना बस असं ठेवलं होतं.

सरकारी वकील मॅडमनी साडेअकराला मला बाजूला बोलावून माझा पोलिसांसमोरचा जबाब वाचायला दिला. हे मागून घ्या. पाच वर्षांपूर्वी आपण काय सांगितलं ते आपल्याला आठवत असतं असं आपल्याला फक्त वाटतं. मॅडम म्हणाल्या, "जे आठवतं ते सांगा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा, अंदाजाने सांगू नका. प्रश्न कळला नाही तर परत विचारायला सांगा. आणि उत्तर वकिलाकडे बघून नका देऊ, कोर्टाकडे बघून द्या." शेवटचं वाक्य मला सोन्यासारखं उपयोगी पडलं. प्रश्न एकीकडून येतो, उत्तर दुसरीकडे द्यायचं. मान वळवायला लागतो तेवढाच वेळ विचाराला मिळतो.

साडेबाराला पुकारा. शिपायाने शपथ दिली. गीतेवर हात वगैरे काही नाही. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे ईश्वराची शपथ घ्यायची किंवा देव नको असेल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करायची. खरं सांगेन, संपूर्ण खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. माझा आवाज चिरकला. अगदी डायरीत लिहिल्याप्रमाणे चिरकला. न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, "पाणी प्या. घाई नाही." मी बाटली उघडली, झाकण हातातून पडलं, ते घरंगळत आरोपीच्या वकिलांच्या बुटापाशी गेलं. त्यांनी वाकून उचलून दिलं. त्यानंतर त्यांना राक्षस मानणं मला जमलं नाही.

सरतपासणी म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, ती दहाएक मिनिटांत झाली. मग उलटतपासणी.

"तुम्हाला चष्मा आहे?"

"हो. वाचायचा."

टंकलेखकाला सांगितलं गेलं: "हे म्हणणे खरे आहे की, मला चष्मा आहे. साक्षीदार स्वतःहून सांगते की, तो केवळ वाचण्यासाठी आहे." मी ऐकत उभी होते आणि मनात म्हटलं, अरे वा, माझं म्हणणं आलं की.

"टेम्पोचा वेग ताशी किती किलोमीटर होता?"

या प्रश्नावर मी डिसेंबरपासून रात्री जागले होते. चाळीस? साठ? मी लांब श्वास सोडला आणि म्हटलं, "सांगता येणार नाही." कुणी रागावलं नाही. टाईप झालं आणि पुढचा प्रश्न आला.

हॉर्न वाजला नव्हता, असं मी सांगितलं होतं. वकिलांनी दाखवून दिलं की पोलिसांच्या जबाबात ते नाही. मी म्हटलं, मी सांगितलं होतं. मग ते का लिहिलं नाही? मला खरंच ठाऊक नव्हतं आणि तसंच सांगितलं. "माझ्या जबाबात तसे का लिहिलेले नाही, याचे कारण मी सांगू शकत नाही." हे वाक्य न्यायाधीश मॅडमच्या तोंडून इतक्या सफाईने आलं की रोज कितीतरी साक्षीदार ते म्हणत असणार हे कळलं. इथे भांडायला जाऊ नका. पोलिसांची बाजू सांभाळायला जाऊ नका, त्यांच्यावर खापरही फोडू नका. तो आपला प्रांत नाही.

मग तो प्रश्न आलाच. मी तिथे हजरच नव्हते आणि पोलिसांच्या सांगण्यावरून खोटं बोलतेय, असं ते म्हणाले. कान तापले. पण रंगाच्या दुकानवाल्यांचं "नाही साहेब, खोटं आहे" मला तोंडपाठ होतं. मी साहेबच्या जागी मॅडम केलं, एवढंच. शेवटी सगळं वाचून दाखवलं, बरोबर आहे का विचारलं. एका ठिकाणी 'उजवीकडून'च्या जागी 'डावीकडून' पडलं होतं, ते मी सांगितलं आणि लगेच दुरुस्त झालं. तेव्हा वाचून दाखवताना "झालं एकदाचं" या आनंदात मान डोलावू नका, कान देऊन ऐका.

बाहेर आले तेव्हा पाय लटपटत होते आणि भूक जबरदस्त लागली होती. तरी आधी दोन कामं उरकली. नोकरी करणाऱ्यांनी हजेरीचा दाखला मागून घ्यावा, साधा अर्ज द्यावा लागतो आणि त्याशिवाय ऑफिस रजेचं काही ऐकत नाही. दुसरं, सरकार पक्षाच्या साक्षीदाराला येण्याजाण्याचा वाजवी खर्च देण्याचा आदेश कोर्ट करू शकतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याचं कलम ३१२ आहे. तो आपणहून कुणी हातात ठेवत नाही, मागावा लागतो. मी अर्ज देऊन आले आहे. रक्कम फार नसते, पण रोजंदारीवर पोट असलेल्याने सोडू नये.

माझ्यासोबत आजोबांना रिक्षात घालणाऱ्या शेजारच्या काकांना आता समन्स आलंय. परवा ते विचारायला आले, काय काय विचारतात म्हणून. माझी साक्ष काय झाली ते मी त्यांना सांगितलं नाही, सांगायचंही नसतं. टंकलेखक, पाण्याची बाटली, बोर्ड, "सांगता येणार नाही" आणि बाथरूम, एवढं सांगितलं. पुढच्या बुधवारी ते नुसते बघायला जाणार आहेत. जागा दाखवायला मी सोबत जाईन म्हटलं.